सेकंडहँड छोटी एसयूव्ही उन्हाळ्यात पुन्हापुन्हा हीट मारते? आधी जुन्या मिस्त्रीचे जुगाड शोधा

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. गाडी हिवाळ्यात घेतली. चार मीटरच्या आतली छोटी एसयूव्ही, पाच-सात वर्षं वापरलेली, बाहेरून चकाचक. जानेवारी-फेब्रुवारी छान गेले. एप्रिलमध्ये पारा ४२ च्या वर गेला आणि नागपूरच्या सीताबर्डीच्या गर्दीत एसीची हवा अचानक कोमट झाली. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा गार. मग एका दुपारी तापमानाचा काटा चढला. मिस्त्रीने पाणी भरलं, गाडी ठीक. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच. थर्मोस्टॅट (तापल्यावर कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व) बदलला, रेडिएटरचं झाकण बदललं, कूलंट बदललं, तरी नवतपा लागेपर्यंत गाडी परत रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी.

पार्ट बदलत राहूनही तोच दोष परत येत असेल, तर माझा पहिला संशय पार्टवर नसतो. आधीच्या मालकाकडेही ही गाडी गरम होत होती आणि तेव्हा कुणीतरी ती 'चालती' करून दिली होती, हा माझा संशय. तो जुगाड अजून गाडीतच असतो. त्याच्यावर नवा थर्मोस्टॅट लावा नाही तर नवा पंप, निदान चुकणारच. म्हणून गाडी आधी कंपनीने बनवली होती तशी करायची आणि दोष त्यानंतर शोधायचा. या क्रमाला मिस्त्री वैतागतात, पण पैसे याच क्रमाने वाचतात.

नेमकी कधी गरम होते?

'गाडी हीट मारते' एवढं सांगून मिस्त्रीच्या हाती काही लागत नाही. सिग्नलवर उभी असताना तापते आणि वर्धा रोडला मोकळी पळाली की काटा खाली येतो? मग हवा कमी पडतेय. फॅन, फॅनचा रिले, कमी वेगाचा रेझिस्टर किंवा रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा, यांतलंच काहीतरी असणार. उलट शहरात ठीक, पण समृद्धी महामार्गावर शंभरच्या पुढे अर्धा तास धरली की तापते, असं असेल तर हवा भरपूर आहे, कूलंट फिरण्यात अडचण आहे. तिथे रेडिएटर आतून जाम, पाण्याचा पंप झिजलेला किंवा थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा. सकाळी सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच तापत असेल तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, सिस्टिममध्ये हवा कोंडलीय, नाही तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं सील, गेलंय. आणि काटा कधीच चढत नाही पण गाडी पाणी खाते, दर पंधरवड्याला कूलंटची टाकी अर्धी, तर गळती शोधा. ती बाहेर असेल किंवा इंजिनच्या आत.

एसी कोमट होणं हा वेगळा बिघाड समजून लोक आधी एसीवाल्याकडे जातात, गॅस भरून येतात. बऱ्याच गाड्यांत इंजिनाचं तापमान ठरावीक मर्यादेपुढे गेलं की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्वतःच एसीचा कॉम्प्रेसर बंद करतो, इंजिनावरचा भार कमी करायला. गर्दीत एसी जातो आणि वेग घेतला की परत येतो, हे गॅस कमी असल्यापेक्षा फॅन किंवा जाळीचं लक्षण असण्याची शक्यता जास्त. दोन्हींचा इलाज एकाच ठिकाणी आहे, कारण एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढ्यातच असतो.

काट्यावर भरवसा ठेवू नका

आजकालच्या गाड्यांचा तापमानाचा काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. आतलं कूलंट ८० अंशांवर असो की १०५ वर, काटा मध्येच दिसतो, म्हणजे चालक उगाच घाबरत नाही. तो मध्य सोडतो तोवर उशीर झालेला असतो. काही मॉडेलांत काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा. म्हणून ओबीडीचा (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायच्या सॉकेटचा) साधा ब्लूटूथ अडॅप्टर घ्या, ईएलएम ३२७ प्रकारचा. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा आणि मोबाइलवर कूलंटचं खरं तापमान बघायचं. सेकंडहँड गाडीसाठी यापेक्षा स्वस्त आणि कामाची वस्तू मला माहीत नाही.

थर्मोस्टॅट बहुतेक ८२ ते ८८ च्या आसपास उघडायला लागतो. फॅन साधारण ९५ ते १०० च्या दरम्यान लागतो, जोराचा वेग त्याच्या जरा वर. मे महिन्याच्या दुपारी एसी लावून गर्दीत ९८-१०२ दिसलं तर घाबरू नका. ते १०८ च्या पुढे सरकत असेल आणि फॅन फिरूनही खाली येत नसेल तर बिघाड आहे. ११५ ला मी गाडी बाजूला घेतो.

जुगाड कसे ओळखायचे

पहिला जुगाड म्हणजे 'व्हॉल्व काढून टाकणं'. थर्मोस्टॅट काढला की पाणी सतत फिरतं, गाडी गार राहते, असा हिशेब. काही इंजिनांत होतंही तसं. पण बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला मागे दुसरी चकती असते. इंजिन तापल्यावर ती बायपासची वाट बंद करते. अख्खा थर्मोस्टॅटच काढला की बायपास कायम उघडा, मग थोडं कूलंट रेडिएटरला न जाताच इंजिनात परत येतं आणि मे महिन्यात गाडी आणखी तापते. हिवाळ्यात याच गाडीचं इंजिन तापायला तयार नसतं, मायलेज पडतं आणि स्कॅनरवर पी०१२८ हा कोड येतो. जानेवारीच्या सकाळी वीस मिनिटं चालवूनही तापमान ७० च्या आसपासच घुटमळत असेल तर व्हॉल्व नाहीये किंवा उघडाच अडकलाय.

दुसरा जुगाड, फॅन डायरेक्ट करणं. सेन्सर, रिले, ईसीयू सगळ्यांना फाटा देऊन फॅनची वायर चावीवर जोडतात. ओळखायला सोपं आहे. इंजिन पूर्ण थंड असताना, एसी बंद ठेवून नुसती चावी फिरवा. फॅन लगेच घरघरला तर तो डायरेक्ट केलेला आहे, नाही तर सेन्सरचा काही लोचा होऊन ईसीयूने तो सावधगिरीने लावलाय. दोन्हींत चौकशी हवी. उलट बाजूची तपासणीही करा. एसी लावल्यावर उन्हाळ्यात थोड्याच वेळात फॅन फिरायला हवा, नाही फिरला तर तिथेच उत्तर मिळालं.

तिसरा जुगाड ऐकून नव्या पोरांना हसू येतं, पण अजून चालतो. बारीक गळती बंद करायला रेडिएटरमध्ये हळद. नाही तर बाजारात मिळणारी लीक बंद करायची पावडर. हळद भोकात जाऊन बसते हे खरं, पण ती रेडिएटरच्या नळ्यांत आणि हीटरच्या कोअरमध्येही बसते. टाकीच्या तळाशी पिवळट गाळ दिसला की समजून घ्या.

बोअरचं पाणी भरणं याला तर कुणी जुगाडसुद्धा म्हणत नाही. बेसा-बेलतरोडीकडे किंवा हायवेच्या ढाब्यावर जे पाणी मिळालं ते ओतलं. त्या जड पाण्याचा क्षार आत पापुद्र्यासारखा बसतो. वर साध्या पाण्याला उकळायला १०० अंश पुरतात. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी असं मिश्रण १०७ च्या आसपास उकळतं आणि झाकणाने साधारण १.१ बार दाब धरून ठेवला तर १२५ च्याही पुढे जातं. सगळी गंमत या दाबात आहे. काही शे रुपयांचं झाकण सैल झालं की अख्खी सिस्टिम लवकर उकळते.

एक गाडी जवळून

ओळखीतल्या एका शिक्षकांची डिझेल गाडी, २०१८ ची. नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. आधीचा मालक हिंगणघाट-यवतमाळ पट्ट्यात फिरणारा. सरांनी ती डिसेंबरात घेतली, एप्रिलपासून मिस्त्री बदलणं सुरू.

बॉनेट उघडल्यावर थर्मोस्टॅटच्या घरावर लाल गम दिसला, बाहेर ओघळलेला. कंपनीत असा गम लावत नाहीत, म्हणजे ते उघडलेलं होतं. आत व्हॉल्व नव्हता. बॅटरीच्या ट्रेखालून दोन वायरी काळ्या टेपने गुंडाळून फॅनकडे गेलेल्या. टाकीच्या तळाशी ओळखीचा पिवळा गाळ. म्हणजे तिन्ही जुगाड एकाच गाडीत, तरी गाडी तापत होती.

समोरून पाहिलं तर जाळी स्वच्छ. पाण्याचा फवारा मारलेला, चमकत होती. मिस्त्रीला म्हटलं, कंडेन्सर जरा सैल करून पुढे ओढ. तो म्हणाला, "त्यात काय दिसनार भाऊ, आत्ताच तर धुतली." ओढल्यावर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत रुई निघाली. कापसाच्या हंगामात वर उघडे भरलेले ट्रक आणि मेटॅडोर चालतात, त्यांच्यामागून जाताना उडणारी रुई. धूळ आणि ऑइलचा हलका थर बसून तिचा नमदा झालेला, रेडिएटरचा खालचा जवळपास अर्धा भाग झाकलेला. पुढून फवारा मारला की रुई आणखी आत दाबली जाई. हवाच जात नव्हती, तर फॅन डायरेक्ट करून काय होणार?

जाळी इंजिनाच्या बाजूने बाहेर अशी, बेताच्या दाबाने धुतली. वॉशिंग सेंटरची बंदूक जवळून मारू नका, जाळीच्या बारीक पत्री आडव्या पडतात. व्हॉल्व नवा बसवला, फॅनची वायरिंग मूळ जागी नेली, सिस्टिम दोन-तीनदा साध्या पाण्याने फ्लश करून मग डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट भरलं. रेडिएटर मात्र बदलावा लागला, हळदीने नळ्या गेल्या होत्या. जुन्या पितळी रेडिएटरला आत सळई फिरवून साफ करता यायचं. आताचे ॲल्युमिनियमचे कोअर आणि प्लॅस्टिकच्या टाक्या, त्यांना ते चालत नाही.

मग दोष कसा शोधायचा

जुगाड निघाले की अर्धे प्रश्न तिथेच सुटतात. उरलेल्यांसाठी पहिली चाचणी गळतीची, तीही थंड इंजिनावर. झाकणाच्या जागी हातपंप लावून झाकणावर लिहिला असेल तेवढा दाब द्यायचा आणि पंधरा मिनिटं थांबायचं. दाब उतरला तर गळती आहे. पाण्याच्या पंपाच्या खालचं बारीक छिद्र, होजची टोकं, प्लॅस्टिक टाकीचा जोड आणि हीटरच्या नळ्या बघा. ड्रायव्हरशेजारच्या पायदानाचं मॅट ओलं आणि गोडसर वासाचं असेल तर हीटर कोअर. हा हातपंप रेडिएटरवाल्यांकडे असतो, पण मागितल्याशिवाय ते लावत नाहीत.

कूलंट भरल्यावर हवा काढणं हा दुसरा दुर्लक्षित भाग. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, ब्लीड स्क्रू असेल तर तो उघडून, फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालवावं लागतं. दुकानात गर्दी असली की मिस्त्री हे टाळतो आणि गाडी चार दिवसांनी परत येते. कूलंट कंपनीने सांगितलेल्या प्रकाराचंच घ्या. हिरवं, लाल, निळं या रंगांना काही एकच नियम नाही, वेगवेगळ्या प्रकारचं मिसळलं तर आत जेलीसारखं होऊ शकतं.

हेड गॅस्केटची शंका आली की अंदाज बांधत बसू नका. टाकीच्या तोंडावर नळी लावून करायची निळ्या द्रावाची चाचणी असते. जळलेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर निळा रंग बदलतो, पेट्रोलला पिवळा, डिझेलला हिरवट. घरी करायची खूण अशी: रात्रभर उभ्या गाडीचा वरचा होज सकाळी दाबून बघा, मऊ असतो. सुरू केल्यावर दोन मिनिटांतच, इंजिन तापायच्या आधी तो दगडासारखा टणक झाला तर दाब कंप्रेशनमधून येतोय. ऑइलच्या झाकणाखाली दुधट थर दिसला तर एकदम घाबरू नका, हिवाळ्यात फक्त जवळजवळ फिरणाऱ्या गाडीला तो ओलाव्यानेही येतो. डिपस्टिकवरही दुधट असेल तर मात्र गाडी सुरूसुद्धा करू नका.

दुरुस्तीनंतर टाकीवर मार्करने रेघ मारा आणि दर रविवारी थंड इंजिनावर बघा. रेघ सोडून पातळी खाली गेली की पुढची गळती शोधायला लागा, काटा चढायची वाट बघू नका.

रस्त्यातच तापली तर एसी बंद, हीटर पूर्ण गरम, ब्लोअर पूर्ण जोरात. ४५ अंशांत हे करणं म्हणजे शिक्षा आहे, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे आणि तो खरंच तापमान उतरवतो. झाकण गरम असताना उघडायचं नाही. कोण काय सांगतो त्याकडे लक्ष देऊ नका.

अजून घेतली नसेल तर

या वर्गातल्या गाड्यांचं नाक मुळात आखूड. चार मीटरच्या आत, पेट्रोल १२०० सीसी किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर कर कमी लागतो, म्हणून कंपन्या सगळं त्या मापात कोंबतात. टर्बो असेल तर कंडेन्सर, इंटरकूलर (टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी) आणि रेडिएटर पुढच्या त्याच आखूड जागेत बसवायचे. साध्या पेट्रोल इंजिनाला उष्णतेचा व्याप कमी. म्हणून नागपुरात मुख्यतः शहरातच फिरायचं असेल तर ब्रेझाचं २०२० नंतरचं १.५ पेट्रोल किंवा व्हेन्यूचं १.२ पेट्रोल यांसारख्या टर्बो नसलेल्या इंजिनाकडे माझा कल. ड्युअल क्लच गिअरबॉक्स असेल तर गर्दीत क्लचही तापतो, उड्डाणपुलाच्या कामापाशी रांगेत पुढे-मागे करून बघाच. इकोस्पोर्ट अजून बाजारात चांगल्या मिळतात, पण फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा पार्टची चौकशी आधी. मात्र एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत, मालक कोण होता यानेच सगळा फरक पडतो.

बघायला दुपारी जा, जमलं तर उन्हाळ्यातच. आदल्या दिवशी फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. "आत्ताच पार्किंगमधून काढली दादा, एकदम मक्खन गाडी आहे, डॉक्टरची, सिंगल हँड" हे ऐकू येईल. बॉनेट गरम असेल तर थंड इंजिनाच्या सगळ्या चाचण्या हुकल्या, दुसऱ्या दिवशी परत या. विकणारा नको म्हणाला तर तुम्ही पण नको म्हणा.

थंड इंजिनावर टाकीतलं कूलंट, त्याचा रंग आणि तळ बघा. इंजिन बे नुकताच धुऊन पॉलिश केलेला असेल तर ते मला आवडत नाही, गळतीचे डाग त्यासोबत जातात. मग ओबीडी लावा, एसी पूर्ण करा आणि गाडी गर्दीत न्या. त्यानंतर शिवमडक्याहून समृद्धीवर किंवा आउटर रिंग रोडवर वीस-पंचवीस किलोमीटर सलग. नागपूर सपाट आहे, गल्लीत फिरवून इंजिनावर भार येतच नाही. परतल्यावर इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, खाली ठिबकतंय का बघा आणि पुन्हा सुरू करा. समृद्धीवर न्यायच्या आधी टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष.

नागपुरात आणखी एक तपासणी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. तळघरात उभ्या गाड्या बुडाल्या. अशी गाडी स्वच्छ होऊन विकायला येऊ शकते, आणि तिच्यातले फॅनचे रिले, सेन्सरचे कनेक्टर हिरवे पडून दोन वर्षांनी त्रास देतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या मुळाशी मातीची रेघ आहे का बघा, सीटच्या रुळांचा गंज आणि स्टेपनीच्या खड्ड्याचे कोपरे बघा. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ मधला विम्याचा क्लेम विचारा. सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन त्या महिन्यांची नोंद मिळाली तर उत्तमच.

कागदांत एमएच ३१, ४० की ४९ याने गाडीची तब्येत कळत नाही. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५, आणि विमा तुमच्या नावावर. एवढं होईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका. निळ्या द्रावाचा रंग बदलला आणि तरी गाडी आवडलीच असेल, तर हेड उतरवून त्याचा तळ सपाट करण्यासकट लेखी खर्च दुसऱ्या गॅरेजमधून काढा, तो पाच आकड्यांत जातो. तेवढी रक्कम किमतीतून वजा करून बोला. "आम्ही करून देतो" हे मान्य करू नका.